ओव्हाळांच्या घरचं लिव्हर

आपल्या पोटात गोष्ट राहते याचा आनंद ओव्हाळला भारी अभिमान होता, आणि हा अभिमान तो भेटेल त्याला ऐकवत असे. "अहो, पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं गोपनीय अहवाल सांभाळतोय मी. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही कधी!"

त्यामुळे दवाखान्याच्या पायरीवर त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीने, प्रियदर्शनीने, त्याच्याकडून वचन मागितलं तेव्हा त्याला जरा रागच आला.

झालं होतं असं, की पोरीचं पोट अधूनमधून दुखायचं. म्हणून सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. मुलांच्या डॉक्टर सुहासिनीबाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "लिव्हरवर चरबी साठलीय. फॅटी लिव्हर, ग्रेड वन."

"लिव्हर?" आनंद खुर्चीतून उठलाच. "अहो डॉक्टर, आमच्या घरात दारूच्या बाटलीचं बूचसुद्धा कधी आलेलं नाही! मी बुद्धविहाराच्या व्यसनमुक्ती समितीचा सचिव आहे!"

"अभिनंदन. बसा. कोल्ड्रिंकची बाटली येते ना घरात?"

आनंद बसला.

"दारूचा इथे काही संबंध नाही. गोड पेयं, पाकिटातलं खाणं, दिवसभर बसून राहणं, त्यात वाढलेलं वजन. मुलांच्याही लिव्हरवर चरबी चढते यानं. घाबरू नका, पण निवांतही राहू नका. आत्ता लक्ष दिलंत तर लिव्हर पहिल्यासारखं होईल. नाही दिलंत तर पुढे ते कडक व्हायला लागतं. गोड पेयं आणि पाकिटं बंद, घरचं जेवण, रोज तासभर घाम. पोरीला उपाशी ठेवायचं नाही. आणि नियम घरातल्या सगळ्यांना सारखे! तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

बाहेर आल्यावर प्रियदर्शनी पायरीवरच थांबली. "पप्पा, कुणालाही सांगायचं नाही. शाळेत आधीच मला रणगाडा म्हणतात. हे कळलं तर मी शाळेतच जाणार नाही."

तिचे डोळे भरले होते. आनंद लगेच म्हणाला, "पियू, अगं माझ्यापाशी सांगितलेलं बाहेर जात नाही. आई, तू आणि मी. चौथ्याला कळलं तर नाव बदल माझं!"

चौथ्याला कळायला पंचवीस मिनिटं लागली.

बायको नम्रता महापालिकेच्या शाळेत शिकवायची, त्या दिवशी तिला रजा मिळाली नव्हती. तिला रिपोर्ट पाठवावा म्हणून आनंदने फोटो काढला. तोही किती जपून! न जाणो, कुणाच्या नजरेला पडला तर? म्हणून पोरीच्या नावावर आणि वयावर त्याने आपला जाडजूड अंगठा ठेवला. खाली लिहिलं, 'घाबरू नकोस. आजपासून सगळं बंद करतो. कुणालाही कळता कामा नये.' आणि मोठ्या समाधानाने पाठवून दिलं.

नम्रताला नव्हे. विहाराच्या कार्यकारिणीच्या ग्रुपला!

लक्षात आलं तेव्हा तो पुलाखालच्या सिग्नलला उभा होता. त्याने घाईघाईने मेसेज डिलीट केला. पण तोवर एकतीस जणांनी तो पाहिला होता, आणि पाहिलेला मेसेज डिलीट झाला की माणसं तो दुप्पट खरा मानतात. पाचच मिनिटांत ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग दुसऱ्याने. बाकी कुणी एक शब्द बोललं नाही. ओव्हाळांच्या वारज्यातली माणसं इतकी गप्प बसली की समजावं, बोलणं दुसरीकडे चालू आहे.

संध्याकाळी भीमरावकाका आले. विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर. पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं तरी आत काय लिहिलंय हे बघायचं नाही, असा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. पण आज ते बघूनच आले होते.

"जय भीम, आनंदराव. पोरगी कुठाय?"

"क्लासला गेलीय. बसा ना काका."

काका बसले. पंख्याकडे बघत म्हणाले, "किती घेता?"

"साखर बंदच केलीय काका आजपासून. चहा बिनसाखरेचाच..."

"चहाचं नाही विचारलं मी."

आता आनंदच्या डोक्यात प्रकाश पडला. लिव्हर, चरबी, 'आजपासून सगळं बंद करतो'! त्याने तोंड उघडलं. 'काका, ते माझं नाही, पियूचं...' एवढंच बोलायचं होतं. पण पायरीवरचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तोंड पुन्हा मिटलं.

"तुम्ही गप्प बसलात, त्यातच सगळं आलं," काका म्हणाले. "बायकोला पाठवायचं होतं ना ते? आम्हाला कळलं. म्हणून तर जास्त वाईट वाटलं. कधीपासून?"

आनंद खाली बघत म्हणाला, "तसं... अलीकडेच लक्षात आलं."

"घरात मारहाण वगैरे?"

स्वयंपाकघरात एक ताट खाली पडलं. नम्रताच्या हातून पडलं की तिने हसू दाबायला पाडलं, ते कळायला मार्ग नव्हता.

"नाही हो काका!"

"मग आशा आहे," काका उठले. "सचिवपद तूर्त स्थगित ठेवू. व्यसनमुक्ती समितीचं ना, बरं दिसत नाही."

ते गेल्यावर नम्रता म्हणाली, "अहो, सांगून टाकायचं की सरळ! लोक तुम्हाला दारुडा म्हणणार!"

"म्हणू देत. पोरीला रणगाडा म्हणण्यापेक्षा मला दारुडा म्हटलेलं बरं."

 त्या रात्री त्याच्या भाकरीवर नम्रताने डॉक्टरांना न विचारता थोडं तूप सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून बापलेकीचं वारज्याच्या टेकडीवर जाणं सुरू झालं. पहिला आठवडा पोरगी रडकुंडीला आली, दर वीस पावलांवर बसली. तिसऱ्या आठवड्यात ती पुढे आणि आनंद मागे अशी पाळी आली. महिन्याभराने तर आनंद वरून खाली येईस्तोवर लाल व्हायचा, पाय लटपटायचे, आणि पोरीच्या खांद्यावर हात टाकून, झोकांड्या खात तो सकाळी सातला घराच्या गल्लीत शिरायचा!

समोरच्या बायडाबाईंनी हे दृश्य दुधाच्या पिशव्या घेताना पाहिलं. बायडाबाई मूळच्या लोणी काळभोरच्या. तिथलं दारूचं दुकान बायका जमवून बंद पाडणारी ही म्हातारी. त्यांनी पिशव्या तिथेच ठेवल्या.

"आनंदा, सकाळी सकाळी? आन् लेकराच्या खांद्यावर? लाज हाय का न्हाय?"

"मावशी, चालून आलोय हो टेकडीवर..."

"तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हंते ना!"

आनंदने तोंड उघडलं. मावशींनी नाक जवळ नेऊन वास घेतला. सकाळी उपाशीपोटी चावलेल्या मेथीदाण्यांचा वास आला. "काय तरी खाऊन दारूचा वास लपवतोय मेला," असा निष्कर्ष काढून त्या निघून गेल्या. त्यानंतर दोन दिवसांआड तपासणी ठरलेली. पियूला हा सगळा प्रकार मावशींचा विक्षिप्तपणा वाटायचा आणि ती हसून लोळायची. बापाने मान डोलावून तसंच वाटू दिलं.

गल्लीने मात्र त्याला सुधारायचा विडा उचलला. कुणी लिंबं आणून दिली, कुणी ताक. ऑफिसातून यायला उशीर झाला की कोपऱ्यावर चारजण सहज उभे असायचे. पगाराच्या दिवशी तर दोघे त्याला बसस्टॉपपासून घरापर्यंत पोचवायला आले! वजन घटून आनंदची पँट ढिली झाली तेव्हा लोक हळहळले, "बघा, आतून पोखरलाय बिचारा."

इकडे घरात फ्रिजमधल्या रंगीत बाटल्या गेल्या. भाजी-भाकरी, उसळी, फळं आली. प्रियदर्शनी पहिले पंधरा दिवस धुसफुसली. मग एक दिवस शाळेतून येऊन म्हणाली, "पप्पा, आज खो-खोत मी तिघींना बाद केलं!" आनंद आत जाऊन तोंड धुऊन आला. रडलेलं कळू नये म्हणून.

तीन महिने झाले. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसताना आनंदला घाम फुटला होता. कडक होतं, कडक होतं, हा डॉक्टरांचा शब्द तीन महिने त्याच्या उशाशी होता. पियू आत होती, नम्रता तिच्याबरोबर. बाकावर बसून त्याने भिंतीवरच्या फरशा चार वेळा मोजल्या आणि चारही वेळा आकडा वेगळा आला.

सुहासिनीबाईंनी नवे रिपोर्ट जुन्यांशेजारी ठेवले. 

"चरबी दिसत नाही. रक्तही नॉर्मल. शाब्बास गं!"

"म्हणजे... गेलं?"

"गेलं. त्या चरबीला पुन्हा बोलावू नका म्हणजे झालं. आणि ओव्हाळ, तुम्ही काय केलंत? तुम्हीही निम्मे झालात!"

 पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर डोकं टेकवून आनंद ढसाढसा रडला. तीन महिन्यांचं ओझं उतरलं होतं, आणि त्याला इतकं हलकं वाटत होतं की किल्ली लावायचंही सुचेना. शेवटी पियूच म्हणाली, "पप्पा, लोक बघतायत."

"बघू देत! लोकांना माझी सवय आहे."

त्या रविवारी विहाराच्या सभागृहात कार्यक्रम होता. ओव्हाळ कुटुंब पुढच्या रांगेत बसलं. भीमरावकाका माईकपाशी आले. "आज आपण एका धैर्यवान माणसाचा सत्कार करणार आहोत. दारूच्या गर्तेतून, केवळ तीन महिन्यांत, स्वतःच्या हिमतीवर बाहेर आलेले आपले आनंद ओव्हाळ!"

टाळ्यांचा कडकडाट! आनंदला दोघांनी दंडाला धरून मंचावर नेलं. खांद्यावर शाल पडली. हातात गुलाबाचं फूल आलं. आनंद मान खाली घालून उभा राहिला. बायडाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

पुढच्या रांगेत प्रियदर्शनीचं तोंड उघडंच राहिलं. "आई, पप्पा दारू पितात?"

नम्रताने तिच्या कानात सगळं सांगितलं. फोटो, अंगठा, काका, वास घेणं, सगळं.

पोरगी ताडकन उठली. आनंद मंचावरून मानेनेच 'नको, नको' करत होता. पण ती तीन पायऱ्या धडाधड चढली आणि तिने काकांच्या हातातून माईक घेतला.

"पप्पा कधीच दारू प्यायलेले नाहीत! ते लिव्हर माझं होतं! माझं वजन जास्त होतं, मी कोल्ड्रिंक प्यायचे, त्यानं होतं तसं. लहान मुलांनाही होतं. मी कुणाला सांगू नका म्हटलं, म्हणून पप्पा गप्प बसले. आता माझं लिव्हर चांगलं झालंय!"

 आनंदचा ऊर भरून आला. जी पोरगी पायरीवर उभी राहून रडली होती, ती आज दोनशे माणसांसमोर ताठ उभी होती. याहून मोठा सत्कार कोणता?

मागच्या रांगेतून बायडाबाईंचा आवाज आला, "अगं माझे आई! पोरीला बी पाजायचा?"

भीमरावकाकांनी हळुवारपणे माईक परत घेतला. आनंदच्या पाठीवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, फक्त दुःख होतं.

"आनंदराव, दारू सोडून पाचवं शील सांभाळलंत, आम्हाला अभिमान आहे. पण स्वतःचं झाकायला लेकराला पढवून उभं करायचं? खोटं न बोलण्याचं चौथं शीलही आता मनावर घ्या."

पियू आधी बघतच राहिली. मग तिला असं काही हसू फुटलं की ती पोट धरून मंचावरच बसली. आनंदने तिच्याकडे पाहिलं, शाल सावरली आणि माईकपाशी तोंड नेलं.

"हो काका. प्रयत्न करतो."