कुरडयाची इंग्रजी

दारव्ह्याजवळच्या तांड्यातल्या बसंतीबाईनं चौथीतच पुस्तक सोडलं, खोड्या मात्र सोडल्या नाहीत. यंदा तिनं डबाभर कुरडया केल्या आन् बुढ्यासंगं बसून त्याचे दोन वाटे केले. एक घरचा, एक पुण्याच्या संजयचा. पोरगा दोन वर्सं झाले आला नव्हता. फोन लावला की एकच, "याडी, सुट्टी नाही वं." (तांड्यात मायले याडी म्हणतात.)

सुनेले इंग्रजी आवडते, तं इंग्रजीतच बोलवू म्हटलं. शेजारची खुशी दहावीत. तिनं सांगतलं, वाटून घेणं म्हंजे 'स्प्लिट अप'. कुरडयाची इंग्रजी काही तिलेही येत नव्हती, मंग कुरडया गाळल्या. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही (पन्नास वर्सात घेतलं नाही, मोबाईलवर कायले घेईन?). मेसेज गेला: 'बुढा अँड मी स्प्लिट अप. कम.'

दुसऱ्या दिवशी दुपारीच जीपमधून संजय आन् सून अंजू धडपडत उतरले.

"याडी! या वयात काडीमोड?"

"कायचा?"

"स्प्लिट अप म्हंजे नवरा-बायको वेगळे होणं! तूच तं लिवलं!"

बसंतीबाईनं मनातच हिशेब केला. खरं सांगतलं तं हे सांजच्या जीपनं वापस! तिनं पदर डोळ्याले लावला. "व्हय रे बाप्पा. नाही जमत आता."

खाटेवरून बुढा हिरासिंग म्हणे, "काय नाही जमत?"

"तुमी उगे राहा!"

"पाहा, आताबी भांडूनच राह्यले," अंजू हळूच बोलली.

चार दिवस बाईचा सण झाला. अंजू डोकं चोळून दे. संजय दुपारी मांडीवर डोकं ठेवून झोपे. मांडीले मुंग्या येत, पण बाई हालली नाही.

पाचव्या दिवशी संजयनं निकाल देल्ला. "एका घरात राहिले तं भांडणारच. बापाले मी पुण्याले नेतो."

बसंतीबाईनं बुढ्याले डोळा मारला, 'नाही म्हणा!' पण बुढा पटका बांधून पहिलेच जीपमध्ये! (पुणं त्यानं पाह्यलं नव्हतं.) मांडीवर कुरडयाचा डबा. दोन्ही वाटे.

जीप वळली, धुरळा बसला. सवयीनं तिनं चहा दोन कप मांडला. एक थंडा झाला, मंग दुसराही. तिनं खुशीले हाक मारली.

"खुशे, स्प्लिट अपचं उलटं काय वं?"

"मेक अप, आजी."

बाईनं आरसा काढला, उरलेले तीन दात निरखून पाह्यले आन् आरसा पालथा घातला.

"राहू दे माय. मेकअप करण्यापरीस तं तो पुण्यातच बरा!"