नरसय्या मुन्शी आणि इंग्रजीचं माहेर

नरसय्या मुन्शींना रामराम घातला की ते उलट रामराम घालत आणि लगेच इंग्रजी भाषेचं मूळ सांगू लागत. न्हावी तर त्यांच्या दाढीला भीत असे. वस्तरा गळ्याशी असतानाही त्यांचं इंग्रजी 'ब्रदर' आणि जर्मन 'ब्रुडर' चालूच.

अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस बंद झाला होता, त्यामुळे विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रीघ लागे. मी एका वखारीत कारकून होतो, मुन्शीजी तिथले दुभाषी. आमचा खरेदीदार साहेब जर्मन. त्यानं फुरसतीत इंग्रजी-जर्मनच्या नात्याबद्दल काहीबाही सांगितलं आणि मुन्शीजींना नादच लागला.

मूर्तिजापूरकडचा एखादा शेतकरी भाव विचारी. मुन्शीजी म्हणत, "आंधी हे आयक. इंग्रज मुळात जर्मनीच्या बाजूचा. नावेत बसून बेटावर गेला, तिथंच राह्यला. मंग फ्रान्सकडच्यांनी त्याच्यावर राज्य केलं. म्हणून कचेरीतले शब्द त्याईचे. पण आई, भाऊ, पाणी, हे घरचे. आपल्याकडं नाही का, अर्ज फारशी अन् पाणी आपलं?"

"बरं, पन भाव?"

"इंग्रजी अन् जर्मन, एका घरच्याच हायेत दोघी," मुन्शीजी समाधानानं म्हणत.

त्या उन्हाळ्यात साहेब तापानं पडला. इंग्रजी पार विसरला, आपल्याच बोलीत बडबडू लागला. मुन्शीजी कामानिमित्त अमरावतीला गेलेले. साहेबाचा खानसामा गणपत वखारीत आला. म्हणाला, "साहेब सकाळपासून वासरू मागून राह्यले. काहून, ते काई समजत नाही."

आम्ही विचार केला आणि एक वासरू नेऊन साहेबाच्या खाटेपाशी उभं केलं. साहेबानं ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी मुन्शीजी आले. वासरू पाहून चकित झाले, मग कान देऊन ऐकू लागले.

"वासरू नाही रे, वासर. पाणी मागून राह्यला तो."

वैद्यानं तापात पाणी वर्ज्य सांगितलं होतं, म्हणून कुणी दिलंच नव्हतं. मुन्शीजींनी कुणाला विचारलं नाही. पाणी उकळून गार केलं, चमच्या-चमच्यानं पाजलं. ताप उतरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

साहेब बरा झाल्यावर मी भेटायला गेलो. दोघं ओसरीत बसले होते, इंग्रजीत बोलत होते. मला थोडंफार समजे.

साहेबानं विचारलं, "तुमच्या आईची भाषा मराठीच ना?"

"तेलुगू," मुन्शीजी म्हणाले. "आई गेल्यापासून बोललो नाही. इथं बोलायला कुणी नाही."

"माझ्याशी बोला."

"तुम्हाला समजणार नाही."

"मी तापात बोलत होतो, ते तुम्हाला कुठं सगळं समजत होतं?"

मुन्शीजी हळूहळू तेलुगूत बोलू लागले, आधी अडखळत, नंतर सरळ. साहेब मधूनमधून मान हलवत होता. एके ठिकाणी मुन्शीजी थांबले. कुठला तरी शब्द त्यांना आठवेना. साहेब वाट पाहत बसला.