ढमाल्यांचं काळोखाचं रीडिंग

रोज सकाळचा पहिला तास आमचे ढमाले काहीच मोजत नाहीत, आणि ते काहीच-नाही वहीत नीट लिहून ठेवतात.

आमची कंपनी चाकणला, जेमतेम चाळीस माणसांची. आम्ही इन्फ्रारेड डिटेक्टर बनवतो. डोळ्यांना न दिसणारा, लांबून येता येता पार मरगळलेला उजेड पकडणारा तिळाएवढा तुकडा. उजेडाचा एक कण आत शिरला की तो त्याचे शंभर करून दाखवतो. त्याला गेन म्हणायचं. पण उजेड नसतानाही तो अधूनमधून उगाच काहीतरी दाखवतो. तो नॉइज, ढमाल्यांच्या भाषेत गोंगाट. टेस्टिंग ढमाल्यांकडे, आणि त्यांच्या वहीवर सही करायचं काम माझ्याकडे.

"आधी काळोखाचं रीडिंग," हे त्यांचं पालुपद. "काय नसताना किती दिसतंय ते आधी कळाया पायजे. मग काय हाय ते बोला."

हे तत्त्व ते कुठेही लावतात. कॅन्टीनमध्ये भाजीला हात लावण्याआधी नुसती चपाती चावून बघतात. नवा मॅनेजर आला की आठवडाभर त्याच्याशी बोलत नाहीत. "बिनकामाचा किती बोलतो ते बघतोय," म्हणतात.

टेस्ट रूममध्ये ते कुणाला उभं करत नाहीत. डिटेक्टर थंड ठेवावा लागतो आणि ढमाल्यांच्या मते माणूस म्हणजे चालती शेगडी. "सावंतताई, तुम्ही आलात की खोली अर्ध्या डिग्रीनं तापती. राग मानू नका, भायरून बोला." अकरा वर्षं मी या माणसाशी दाराच्या फटीतून बोलते आहे.

गेल्या दिवाळीनंतर एक अख्खा लॉट नापास व्हायला लागला. गंमत अशी की खोलीत जितका अंधार करावा, तितका गोंगाट वाढे. ढमाल्यांनी खिडक्या बुजवल्या, डिटेक्टरच्या पेटीवर काळ्या कापडाचा आणखी एक थर टाकला, तरी तेच. चौथ्या दिवशी ते स्टुलावर चढले तेव्हा कोपऱ्यातला कॅमेरा दिसला. सिक्युरिटीवाल्यांनी नवा बसवला होता. अंधार पडला की तो स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो. माणसाला तो दिसत नाही, आणि साधा उजेड अडवणारं ते काळं कापड त्याला अडवत नाही.

सगळी कंपनी पोट धरून हसली. ढमाले तेवढे हसले नाहीत.

"अंधार मीच केला, दिवा माझ्याच पायी लागला, आन् मीच म्हणतोय माल खराब. ह्यो माणूस भरवशाचा न्हाई," असं स्वतःबद्दल म्हणून त्यांनी दोन दिवस वहीला हात लावला नाही. एका कॅमेऱ्यासाठी हे जरा अतीच, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी फटीतून आवाज आला. "ताई, सुट्टीच्या दिशी घरी याल का? एक रीडिंग घ्यायचंय. माझ्यानं व्हत न्हाई."

घर पिंपळे गुरवला, दुसऱ्या मजल्यावर. दारातच त्यांनी माझा मोबाइल बंद करायला लावला. पंखा बंद, टीव्हीची पिन काढलेली, फ्रिजसुद्धा तेवढ्यापुरता बंद. कॉटवर त्यांची बायको, सुमनवहिनी. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानं वहिनींचं बोलणं गेलं, हातपाय गेले. डाव्या हाताचं एक बोट तेवढं अधूनमधून हलतं.

"डॉक्टर म्हणत्यात, बोट आपोआप उडतं. पोरगा म्हणतो, आईला काय कळत न्हाई, संस्थेत ठेवू. सोमवारी त्याला उत्तर द्यायचंय. मी विचारलं की ती बोट दाबती, असं मला वाटतं. पन मला लई वाटतं, ताई. माझा गेन लई वाढलाय. गेन वाढला की गोंगाटबी वाढतो. त्या कॅमेऱ्यावानी माझ्याच पायी दिसत असंल तर? म्हणून तुमचा हात ठेवा."

मी वहिनींच्या बोटाखाली तळहात ठेवला. ढमाले वही घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आधी काळोखाचं रीडिंग. दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही. बोट दोनदा हललं. मी मोजलं, त्यांनी लिहिलं.

"सुमे, पंखा लावू का?"

काही नाही.

"चहा घेती का?"

काही नाही. ढमाल्यांचे खांदे उतरलेले मला मागून दिसत होते. आलं म्हणून ठोकून द्यावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण अकरा वर्षं त्यांच्या वहीवर सही केलेल्या बाईला ते जमेना.

मग ते म्हणाले, "सकाळच्या पेजंत मी मीठ विसरलो व्हतो का?"

बोट दाबलं गेलं. लगेच पुन्हा एकदा, जरा जोरात.

"आलं," मी म्हटलं. "दोनदा."

"एका रीडिंगवर सही करायची न्हाई." त्यांनी तोच प्रश्न आणखी तीनदा विचारला. तिन्ही वेळा वहिनींनी दाबलं, आणि शेवटच्या वेळी त्यात चक्क वैताग होता.

ढमाले वही कॉटवर ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. हा माणूस गोंगाट करतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बराच वेळ नळ चालू होता. मी वही ओढून घेतली आणि शेवटच्या ओळीपुढे सही केली. एकाच हातानं, कारण दुसरा वहिनींच्या बोटाखाली होता.