दहापैकी साडेपाच

सातवीच्या वर्गाला सहलीला न्यायचं नसेल तर काय करावं, याचं उत्तर भूगोलाच्या सरांना अखेर सापडलं. सहल कागदावर काढायची. नकाशावर रस्ता आखायचा, अंतरं मोजायची, कुठे किती मिनिटं थांबायचं ते ठरवायचं, मुक्कामाच्या जागी चौकशीचं पत्र लिहायचं आणि सगळं फाइलला लावून प्रकल्प म्हणून जमा करायचं. मुलं खूश, मुख्याध्यापक बाई खूश आणि सर आपल्या खुर्चीत सुखरूप.

यातला सुखरूप हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सरांना गाडी लागायची. उभ्या बसचा वास आला तरी ते नाकाला रुमाल लावून रस्ता बदलत. सव्वीस वर्षं ते मुलांना घाट, पठारं आणि नद्यांची खोरी शिकवत आले होते आणि त्यातलं काहीही त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलेलं नव्हतं. शाळेत कुणाला याचा पत्ता नव्हता. घरी बायकोला होता. लग्न झालं त्या वर्षी ‘तुला एखाद्या तळ्याकाठी नेईन’ असं सर तिला बोलून बसले होते. तिने तो विषय परत कधी काढला नाही, आणि ती काढत नाही याचंच सरांना वाईट वाटत राहायचं.

मुलांनी मुक्कामाची जागा निवडली ती शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या रस्तेपुस्तिकेतून. पुस्तिका मुलांच्या जन्माआधीची होती. तीत एका वळणावर तळ्याकाठचं विश्रामगृह दिलं होतं: आठ खोल्या, गरम पाणी, खिडकीतून तळं. सर म्हणाले, “चालेल. जायचं थोडंच आहे.”

वर्गाची मॉनिटर म्हणजे दोन घट्ट वेण्यांची, कधीही न हसणारी मुलगी. पत्राचा मसुदा तिनेच लिहिला. सरांनी तो लाल शाईने तपासला. दिनांक नाही, मायना चुकलेला, ‘गरम पाणी आहे का’ हे तीन वेळा विचारलेलं. दहापैकी साडेपाच. त्यात तिने नाराज व्हावं असं काही नव्हतं, कारण सरांच्या हातून आजवर कुणाला सातच्या वर मिळालेले नव्हते. त्यांनी खाली ‘तपासले’ असं लिहून सही ठोकली.

“नीट लिहून काढ आणि फाइलला लाव,” सर म्हणाले, आणि विषय मिटला असं समजून डबा खायला गेले.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर एक फोडलेलं पाकीट होतं.

“सव्वीस वर्षांत एकदा सहल काढताय,” बाई म्हणाल्या, “आणि मला सांगावंसंही वाटलं नाही तुम्हाला?”

“कसली सहल?”

बाईंनी पत्र पुढे केलं. सुबक, जुन्या वळणाचं अक्षर होतं. ‘आपले पत्र पावले. एकतीस मुले व शिक्षक यांची राहण्याची सोय होईल. गरम पाणी आहे. गरम पाणी आहे. गरम पाणी आहे. आपली वाट पाहतो.’

“बाई, हा नुसता प्रकल्प आहे हो.”

“प्रकल्पच म्हणतेय मी. मुलांनी स्वतः आखलेली सहल. इतकी वर्षं मी सगळ्यांना तेच सांगतेय आणि कुणी मनावर घेत नाही. मी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्यासुद्धा.”

सरांनी वर्गात जाऊन मॉनिटरला उभं केलं.

“पत्र टाकलंस तू?”

“हो सर.”

“कुणी सांगितलं टाकायला?”

“तुम्हीच म्हणता, अर्धवट काम दाखवायचं नाही. टाकलं नाही तर ते पत्र कसलं, सर? नुसता कागदच ना तो.”

“अगं, पण मी फाइलला लाव म्हटलं होतं.”

“लावलंय की. चांगली प्रत फाइललाच आहे.”

सरांनी फाइल उघडून पाहिली. चांगली प्रत खरंच तिथे होती, कडेला समास सोडून. पोरीने दोनदा लिहून काढलं असणार, असं सरांनी मनाशी म्हटलं. तिचा स्वभाव पाहता त्यात नवल नव्हतं.

त्या रविवारी दुपारी सर नकाराचं पत्र लिहायला बसले. आधी त्यांनी फोन करून पाहिला होता, पण पुस्तिकेतला क्रमांक अस्तित्वातच नाही असं एक बाई पलीकडून सांगत होती. पुस्तिका जुनी, क्रमांक बदलला असेल. मग त्यांनी लिहिलं, ‘काही अपरिहार्य कारणामुळे.’ वाचून पाहिलं. कारण काय, तर मास्तरांना ओकारी येते. त्यांनी तो कागद फाडला. दुसरा लिहिला, त्यात ‘गैरसमजातून’ आलं. तोही फाडला. तिसऱ्या कागदाला सवयीने स्वतःच चार मार्क देऊन ते स्वस्थ बसले.

सोमवारी दुसरं पत्र आलं. ‘खोली क्रमांक सातचा नळ गळत होता, तो बदलून घेतला. बायकोने एकतीस चादरी धुवायला काढल्या आहेत. अंगणात दोऱ्या पुरेनात. गाद्यांना ऊन दाखवले. मुलांना तळ्यात उतरू देऊ नये, काठ निसरडा आहे.’

सरांनी ते घरी नेऊन बायकोपुढे ठेवलं. तिने उभ्यानेच वाचलं.

“अहो, चादरी धुतल्यात तिने.”

“वाचलं मी.”

“एकतीस.”

“तेही वाचलं.”

“मग आता काय कळवणार तिला? आमचं सगळं कागदावर होतं म्हणून?”

एरवी नाही म्हणण्यात सर पटाईत होते. मुलांना, पालकांना, स्नेहसंमेलनाच्या समितीला त्यांनी आजवर बिनदिक्कत नाही म्हटलं होतं. पण कुठल्यातरी आडबाजूच्या अंगणात एक बाई एकतीस ओल्या चादरी घेऊन उभी आहे आणि तिला नाही म्हणायचं, एवढं काळीज त्यांच्याकडे नव्हतं. ते तिथेच खचले.

“मी पण येते,” बायको चादरींच्या पत्राची घडी घालत म्हणाली. “मुलींबरोबर कुणीतरी लागेलच. आणि तळं आहे म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी मॉनिटरने ‘येत आहोत’ असं पत्र लिहिलं. सरांनी तपासून साडेसहा दिले आणि आता टाक म्हणून स्वतःच सांगितलं.

निघायच्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं आणि हवा दमट होती. सर चालकामागच्या पहिल्या आसनावर बसले. मांडीवर पिशव्यांची चळत, डोळे मिटलेले, चेहरा फळ्यासारखा. मॉनिटरच्या हातात थांब्यांचा तक्ता होता: पहिला थांबा पूल, दहा मिनिटं; दुसरा थांबा खिंड, पंधरा मिनिटं. सरांच्या पोटाने हा तक्ता पाहिलेला नव्हता. शहराबाहेरचं पहिलं वळण आलं आणि बस थांबवावी लागली. मग पुलाच्या अलीकडे. मग पुलाच्या पलीकडे. पहिल्या वेळी मागची मुलं हसली, दुसऱ्या वेळी कमी हसली, आणि तिसऱ्या वेळी कुणीतरी न सांगता पाण्याची बाटली पुढे पाठवली.

“अनियोजित थांबा क्रमांक तीन,” मॉनिटर वहीत लिहीत म्हणाली. “सर, कारण काय लिहू?”

“हवापालट लिही,” सर गटारीकडे तोंड करून म्हणाले.

“खरं काय ते लिही गं,” बायको म्हणाली. “अर्धवट नको.”

अशा रीतीने सव्वीस वर्षं सांभाळलेलं गुपित वहीत नोंदलं गेलं. सरांना वाटलं होतं तसं आकाश काही कोसळलं नाही, पण बरंही वाटलं नाही. कशानेच बरं वाटायची त्यांची स्थिती नव्हती.

खिंडीनंतर बसने नवा मोठा रस्ता सोडला आणि पुस्तिकेतला जुना रस्ता धरला. त्या रस्त्यावर दुसरं वाहनच नव्हतं. पेट्रोल पंपाचं नुसतं छत उभं होतं. दुकानांच्या शटरांवर गंज चढला होता आणि कडेच्या फरशीतून गवत वर आलं होतं. मुलांचं गाणं हळूहळू बंद पडलं. चालकाने आरशातून सरांकडे दोनदा पाहिलं, पण सरांचे डोळे मिटलेले होते.

विश्रामगृह वळणावरच होतं, पुस्तिकेत दिलं होतं तिथेच. पाटी निखळून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आठपैकी सात खोल्यांच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या. अंगणात एकही दोरी नव्हती. खिडकीतून दिसायचं ते तळं आटून मध्ये डबक्याएवढं उरलं होतं आणि भोवताली भेगाळलेला चिखल पसरला होता. उघड्या असलेल्या एकुलत्या एका दारातून उसवलेल्या बाहीचा स्वेटर घातलेला एक म्हातारा बादली घेऊन बाहेर आला. त्याने बस पाहिली, बसमधून उतरणारी मुलं पाहिली आणि बादली खाली ठेवली.

“तुम्ही खरंच आलात?” तो म्हणाला.

“तुम्ही लिहिलं होतंत ना, वाट पाहतो म्हणून,” सर म्हणाले.

म्हातारा आत गेला आणि एक कागद घेऊन आला. सरांनी तो हातात घेतला. दिनांक नव्हता. मायना चुकलेला होता. आणि कोपऱ्यात त्यांच्याच लाल शाईत दहापैकी साडेपाच लिहिलेलं होतं.

“असं पत्र खरं धरून कोण खोल्या उघडेल, सर?” म्हातारा म्हणाला. “मला वाटलं, पोरांचा अभ्यास आहे. उत्तर आलं तर त्यांना बरं वाटेल. म्हणून दिलं.”

“आणि ‘येत आहोत’ असं दुसरं आलं तेव्हा?”

“त्याला साडेसहा होते. म्हटलं, पोरगी सुधारतेय.”

सरांनी मान वळवून मॉनिटरकडे पाहिलं.

“त्याच्यावर तुमची सही होती, सर,” ती बारीक आवाजात म्हणाली. “चांगल्या प्रतीवर नव्हती. बिनतपासलेलं कसं पाठवायचं?”

बायको इतका वेळ अंगणात इकडेतिकडे पाहत होती. ती पुढे आली. “आणि त्या कुठे आहेत? चादरी धुवायला काढल्यात म्हणून लिहिलं होतंत.”

“ती जाऊन चार वर्षं झाली,” म्हातारा म्हणाला. “नवा रस्ता झाला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी. लिहायला बसलो तर तिने जे जे केलं असतं ते लिहीत गेलो. तो सात नंबरचा नळही तिनेच माझ्या मागे लागून बदलून घेतला असता.”

सरांना त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. कागदावर सहल काढून ते वर्षानुवर्षांची सुटका झाल्यासारखे खूश झाले होते. हा माणूस कागदावर बिऱ्हाड चालवत होता, आणि त्यातून त्याची सुटका नव्हती.

“पण बंद आहे एवढं तरी कळवायचंत,” सर म्हणाले.

“तसं तुम्ही विचारलं नव्हतंत. गरम पाणी आहे का, एवढंच विचारलं होतंत. तेही तीनदा.” म्हाताऱ्याने बादलीची कडी उगाच सरळ केली. “नवा रस्ता झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.”

मग त्याने विचारलं, “माझ्या पत्राला किती दिलेत?”

त्याचं पहिलं पत्र सरांच्या खिशातच होतं. सरांनी ते बाहेर काढून उघडलं, लाल पेन काढलं आणि पायरीवर बसून वाचायला घेतलं. एकतीस मुलं त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. दिनांक होता. मायना बरोबर होता. अक्षर सुवाच्य. सरांनी बराच वेळ पेन कागदावर टेकवून धरलं आणि मग साडेनऊ लिहिलं. मागे कुणीतरी दचकून श्वास घेतला.

“अर्धा कुठे गेला?” म्हाताऱ्याने विचारलं.

“गरम पाणी आहे, असं लिहिलंयत,” सर म्हणाले. त्यांना स्वतःलाच आपला राग येत होता, पण सवय जात नव्हती. “मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही.”

म्हाताऱ्याने पत्र हातात घेऊन तो शेरा वाचला, परत वाचला. मग स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. “मागच्या पडवीत लाकडं आहेत,” तो मुलांना म्हणाला. “मोठा हंडा माझ्या एकट्याच्याने हलायचा नाही.”

पुढचे दोन तास कुणाला बसायला मिळालं नाही. बसच्या चालकाने खिडक्यांच्या फळ्या उचकटल्या. खोली क्रमांक सातचा नळ खरंच गळत होता. त्याला चिंधी बांधली. बायकोने आतलं कपाट उघडलं, तर कुबट वासाच्या चादरींची चळत जशीच्या तशी होती. तिने मुलींना हाताशी घेतलं आणि त्या सगळ्या धुऊन पिळून काढल्या. अंगणात खांबापासून खांबापर्यंत दोऱ्या बांधल्या, पण दोऱ्या पुरेनात. आभाळ तसंच भरलेलं होतं आणि चादरी रात्रीपर्यंत वाळतील असं कुणाच्याच तोंडावरून वाटत नव्हतं. बायको हात पुसत काठाशी जाऊन त्या चिखलाकडे पाहत उभी राहिली. सर तिच्याशेजारी गेले.

“हेच का ते तळं?” तिने विचारलं.

“हेच. आटलंय.”

“असू दे,” ती म्हणाली. “आणलंत तर खरं.” आणि उरलेल्या चादरी वाळत टाकायला परत गेली.

तेवढ्यात म्हातारा बादली घेऊन आला. पाण्यावर वाफेसारखं काहीतरी दिसत होतं. त्याने बादली सरांपुढे ठेवली आणि वर पत्र धरलं. “तपासा परत.”

सरांनी पाण्यात बोट घातलं. मग पेन काढून साडेनऊवर काट मारली आणि पावणेदहा केलं.

“पाव कशाचा कापलात?”

“कोमट आहे.”

म्हाताऱ्याने कागदाची घडी केली आणि जपून खिशात ठेवली. “राहू दे मग पाव,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी परत यावं लागेल तुम्हाला तपासायला.”

“येऊ की,” चादरींच्या मागून बायको म्हणाली.

मॉनिटरने वही काढून तारखेसकट ते लिहूनही घेतलं. ती काही अर्धवट ठेवायची नाही, हे आता सरांना पुरतं कळून चुकलं होतं, आणि सपाट जमिनीवर उभ्या उभ्या त्यांच्या पोटात ढवळलं.