कबुली देऊ नये

धाड असा आवाज आला तेव्हा जावईबापू दुसऱ्या मजल्यावर सासूबाईंच्या घरी चहाचा पहिला घोट घेत होते. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेलेली. आवाजावरूनच त्यांनी ओळखलं, पुढचा बंपर आणि डावा दिवा. धावत खाली येऊन पाहतात तर बंपर आणि दिवा त्यांच्याच नव्याकोऱ्या गाडीचा, आणि त्याला पाठ टेकून उभी असलेली छोटी लाल गाडी सासूबाईंची. बाजारातून परतलेल्या सासूबाई आत बसून चष्मा पुसत होत्या.

जावईबापूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं मोठं पार्किंग, आणि मागे घेताना बाईंना हीच गाडी सापडावी! पण खरा राग गाडीचा नव्हताच. लग्नाला सतरा वर्षं झाली, या बाईंच्या तोंडून एकदाही 'माझं चुकलं' निघालं नव्हतं. रस्ता चुकला तर पाटी चुकीची, भाजी करपली तर शेगडी खराब. आज मात्र पुरावा डोळ्यांसमोर होता. जावईबापूंना भरपाई नको होती, ते दोन शब्द हवे होते.

"आई, काय केलंत हे?" त्यांनी दरडावून विचारलं.

सासूबाई सावकाश उतरल्या आणि पर्समधून एक कार्ड काढलं. जावईबापूंनी ते लगेच ओळखलं. 'अपघात झाल्यास पाळायचे दहा नियम' हे कार्ड त्यांनीच छापून सगळ्या नातेवाइकांना वाटलं होतं, वर तोंडी परीक्षाही घेतली होती. परीक्षेत सासूबाई नापास झाल्या होत्या.

"नियम पहिला," सासूबाईंनी वाचलं. "जागेवर चूक कुणाची यावर बोलू नये. कबुली देऊ नये."

"अहो, ते परक्यांसाठी आहे."

"इथे तसं लिहिलेलं नाही."

मग त्यांनी चारही बाजूंनी फोटो काढले. काचेतून आतलेही काढले. वॉचमनला बोलावून काय पाहिलं ते विचारलं. तो म्हणाला, मी पाण्याची मोटर लावायला गेलो होतो, काहीच पाहिलं नाही. सासूबाईंनी तेवढंच वहीत लिहून त्याची सही घेतली. एव्हाना गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. जावईबापूंना हा तमाशा सहन होईना. ते तरातरा गाडीत बसले आणि ती थेट मागे, चढावरच्या खांबापाशी नेऊन लावली. मागून शांत आवाज आला, की नियम दुसरा, फोटो होईपर्यंत गाडी हलवू नये, पण फोटो झालेत, तेव्हा चालेल.

वर येऊन त्यांनी दाव्याचा अर्ज लिहायला घेतला. बायको म्हणाली, आईच आहे ना ती, जाऊ द्या. ते कडाडले, आई आहे म्हणूनच. परकी असती तर केव्हाच सोडून दिलं असतं. अर्जाला फोटो हवे होते. सासूबाईंनी निमूटपणे फोन पुढे केला.

पहिल्या फोटोत लाल गाडी स्वतःच्या चौकोनात, दोन पट्ट्यांच्या अगदी मधोमध उभी होती. दुसऱ्यात वर चढावर, खांबापाशी, जावईबापूंनी आल्यावर गाडी लावली होती तो चौकोन रिकामा होता. तिसरा फोटो जावईबापूंच्याच गाडीच्या काचेतून काढलेला. त्यात हँडब्रेक खाली होता.

जावईबापूंना आठवलं, मघाशी गाडी मागे घेताना हँडब्रेक सोडावा लागलाच नव्हता. नव्या पोरांना ते बजावायचे, आधी जमीन बघा, मग नुकसान बघा. आज त्यांनी आधी सासूबाईंना बघितलं होतं.

अर्ज हळूच घडी करून त्यांनी खिशात घातला.

"आई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. गाड्यांतला जाणकार म्हणून इथे केवढा मान तुमचा."

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी घसा खाकरला, चहाच्या कपाकडे पाहिलं, पुन्हा खाकरला.

"आई, माझं..."

"थांबा," सासूबाईंनी हात वर केला आणि कार्ड काढलं. "नियम चौथा. साक्षीदार हवा." मग स्वयंपाकघराकडे वळून लेकीला हाक मारली, "लवकर ये गं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणतायत."