गौरीशंकरकाकांचा तुलनेचा गट

"धा माणसं? संध्याकाळच्या आत आणून बसवतो, मॅडम!" गौरीशंकरकाकांनी छाती ठोकून सांगितलं. बेंबळीतली निम्मी लग्नं काकांनीच जुळवलेली. माणसं गोळा करणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ! आणि काकांचा शब्द म्हणजे शब्द, ही त्यांची सगळ्यात मोठी मिळकत.

अर्पिता लातूरहून सर्वेक्षणाला आली होती. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, प्रौढ माणसं आणि स्वमग्न नसलेली, यांचं वय, शिक्षण, कामधंदा, लग्न यांत काय फरक दिसतो, हा तिचा विषय. काकांचा पुतण्या सिद्धलिंग स्वमग्न. तिशी ओलांडलेला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. तो तयारच होता. आता तुलनेसाठी त्याच्या वयाची इतर माणसं हवी होती.

काकांनी फोन फिरवले. "लातूरची मुलगी आलीया. वय, शिक्षण, कमाई विचारणार हाय. लगेच ये!"

काकांच्या तोंडून हे ऐकल्यावर बेंबळीत दुसरा काय अर्थ निघणार? तासाभरात ओसरी भरली! कडक इस्त्रीचे शर्ट, अत्तराचा घमघमाट. त्यांतल्या युवराजनं तर बोलणीसाठी मामालाही आणलं!

"शेती किती?" अर्पितानं विचारलं.

"धा एकर," युवराज लाजत म्हणाला.

"बारा!" मामा गरजले. "समदी बागायती!"

"वय?"

"अठ्ठावीस."

"आरं, तुझा धाकटा भाऊ तीस वर्षांचा हाय की!" मागून कुणीतरी खिदळलं.

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पोरी, भाकरी थापायला येतात का?"

"अहो, मी लग्नाला नाही, अभ्यासाला आलेय!"

ओसरी बघता बघता रिकामी झाली. "काका, यातलं एकही उत्तर लिहिण्याजोगं नाही," अर्पिता रडकुंडीला आली. काकांचं तोंड एवढंसं झालं.

गोंगाट नको म्हणून आत बसलेला सिद्धलिंग बाहेर आला. "माझे प्रश्न राहिलेत. विचारा."

वय, शिक्षण, कमाई, सगळं त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

"लग्न झालंय?"

"न्हाय."

"करायचंय?"

"व्हय. लई दिवसांपासून."

काकांच्या हातातला चहा बशीत सांडला. अख्ख्या गावाची पोरं बोहल्यावर चढवली, आणि सख्ख्या पुतण्याला एका शब्दानं विचारलं नाही!

"आरं, मग बोलला का न्हाईस?"

"तुमी विचारलं न्हाय."

डोळे पुसत काका ताडकन उठले. "उद्याच सोनारीला पोरगी बघाया जातो! सांगतो, आमच्या सिद्धलिंगाचा मोटारींचा कारखाना हाय, हाताखाली वीस माणसं..."

"काका," सिद्धलिंग शांतपणे म्हणाला, "मध्यस्थ दुसरा बघू."