दोन चटण्यांच्या मधली

अपूर्वाने पातेल्यात अर्धा चमचा सासूबाईंची चटणी घातली, अर्धा चमचा काकींची, आणि तिथेच घात झाला.

सासूबाई विजयमाला साताऱ्यातच, तिच्याजवळ राहणाऱ्या. त्यांची चुलत जाऊ हरणाबाई, म्हणजेच काकी, कालच आटपाडीहून उतरली होती, वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून, बरणीला फडकं बांधून. उद्या अपूर्वाला सांगलीच्या कॉलेजात ‘तत्त्वज्ञानातील तटस्थतेचं मूल्य’ यावर निबंध वाचायचा होता. बाळंतपणानंतरचं पहिलंच बोलावणं. रांगणाऱ्या राजससाठी मागे दोघीही हव्या होत्या. सासूबाईंचे गुडघे पळू देत नव्हते आणि काकींना त्याच्या औषधांतलं कळत नव्हतं. एक जरी रुसली, तरी सांगली बुडाली.

रश्श्याचा पहिला भुरका सासूबाईंनी मारला. “धने जास्त झालेत हरणे, तुझ्या चटणीत.”

“आवं आक्का, माझी हाय म्हणून तर घास उतरतोय. तुमची नुसती लाल! पोरी, तू सांग, कुणाची चांगली?”

राजस मांडीवरून आईचे केस ओढत होता. आदल्या रात्री त्याने तिला डोळा लावू दिला नव्हता.

“दोन्ही आपापल्या जागी चांगल्या आहेत, काकी.”

“म्हंजे माझी आटपाडीतच चांगली व्हय?”

रात्री अपूर्वाने गुपचूप दोन पातेल्यांत, एकेकीच्या चटणीचा एक असे दोन रस्से केले. नवरा पृथ्वीराज कामावरून दमून आला, त्याने जवळचं पातेलं ओढलं.

“बघ, आईचंच घेतलं!” सासूबाई म्हणाल्या.

“सरकवलं कुणी त्याच्याम्होरं? मी काय आंधळी हाय?”

“मी अपूर्वाच्या बाजूने,” पृथ्वीराज म्हणाला आणि हात धुऊन मोकळा झाला. हरणाबाईने पिशवी भरायला घेतली. सकाळच्या गाडीने आटपाडी!

सकाळी अपूर्वाने शेवटचा उपाय केला. आमटीत कुणाचीच चटणी घातली नाही. थोडी हळद, मीठ, बास.

दोघींनी एकदमच घास घेतला, एकदमच थांबल्या.

“दवाखान्यातली हाय का गं ही?” हरणाबाईने विचारलं.

“आणि माझा नातू हिच्या हातचं खाऊन वाढायचा!” सासूबाई म्हणाल्या. “हरणे, लसूण ठेच. माझी बरणी काढ.”

“माझी बी काढते आक्का, रंगाला तुमची, चवीला माझी. सरक गं पोरी.”

चुलीशी दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. पिशवी रिकामी झाली. अपूर्वा मात्र मनातून फुलली. अखेर तटस्थतेनेच समेट घडवला होता! राजसचा पापा घेऊन, चपला घालताना ती जरा ऐटीतच म्हणाली, “मी नाही म्हणून भांडू नका हं.”

दोघी खळखळून हसल्या.

“आगं येडे,” हरणाबाई म्हणाली, “तू नसताना कशापायी भांडू? ऐकाय कोण हाय इथं?”

“इतकी वर्षं एकमेकींची चटणी खातोय आम्ही,” सासूबाईंनी राजसला कडेवर घेतलं. “मधे कुणी निवाडा करायला बसलं, की मग जीभ सुटते. जा तू निवांत.”

गाडीत अपूर्वाने निबंध मांडीवर उघडला. ‘तटस्थ माणसाच्या नुसत्या उपस्थितीने वाद शमतो’ हे पहिलंच वाक्य होतं. तिने पेनाचं टोपण काढलं. खांद्याला राजसच्या दुधाचा वास येत होता. खोडावं की ठेवावं, हे ठरवायच्या आत, कुणाचीच बाजू न घेता, तिला गाढ झोप लागली.